ऊट आतेनव्वा?

आपल्या भागात दोन बायका रस्त्यात भेटल्या की पहिला प्रश्न कोणता असतो सांगा पाहू? ‘बरी आहेस का?’ नाही, ‘कुठं निघालीस?’ हाही नाही. पहिला प्रश्न ‘जेवण झालं?’ मग घड्याळात सकाळचे अकरा असोत नाहीतर दुपारचे चार. कानडीत तोच प्रश्न, ‘ऊट आतेनव्वा?’ आणि दोन्ही भाषांत उत्तरही ठरलेलं. ‘झालं की!’ किंवा ‘आतरी!’ खरं झालंय की नाही, हे विचारणारीही बघत नाही आणि सांगणारीही.

मी गेली बावीस वर्षं हे उत्तर देत आले आहे. सगळ्यात जास्त वेळा दिलं असेल ते आमच्या अक्कांना. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर बैलहोंगलचं, भाषा पक्की कानडी. आमच्या शहापुरातल्या मराठी घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा ‘मीठ’ मागितलं की ‘पीठ’ आणून द्यायच्या, असं सासूबाई हसत हसत सांगायच्या. मी आले तोवर अक्का मराठीत तरबेज झाल्या होत्या. मला कानडी त्यांनीच शिकवली, तीही चुलीशी बसून. उप्पु, हिट्ट, यण्णि... माझी कानडी स्वयंपाकघरात सुरू झाली आणि बरीचशी तिथंच राहिली. आज दोन्ही घरं वेगळी आहेत, त्या अनगोळला, आम्ही शहापुरात. पण रोज दुपारी फोन येतोच. त्या कानडीत विचारतात, मी मराठीत उत्तर देते.

या अक्कांना मी मागच्या लग्नसराईत जवळजवळ संकटात ढकललं होतं. कसं, ते आज सांगायचं ठरवलंय. सांगताना लाज वाटते, पण सांगायला हवं. कारण जे मी केलं ते तुमच्यापैकी कितीतरी जणी रोज करत असणार.

झालं असं. अक्कांच्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, नाव ‘नम्म मंदी, आपली माणसं’. एकतीस जण आहेत त्यात. लग्न ठरल्याबरोबर ग्रुपवर साड्यांचे फोटो यायला लागले आणि त्यापाठोपाठ जुन्या ब्लाउजांची चर्चा. ‘मला तर बाई हूकच लागत नाही’, ‘माझा हात दंडातच अडकतो’ वगैरे. तेव्हा दुपारी मोबाईल बघताना मला एक व्हिडिओ दिसला. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, ओट्यावर एक भांडं नाही, आणि एक सडपातळ बाई हसत हसत सांगतेय, ‘संध्याकाळी सातला जेवण, मग दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत काही नाही. सोळा तास! सकाळी फक्त लिंबू, आलं, दालचिनीचं गरम पाणी. बघा चरबी कशी वितळते!’ ३ लाख लोकांना आवडलेला व्हिडिओ. मी क्षणाचाही विचार केला नाही. ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघा ग सगळ्याजणी, लग्नापर्यंत करूया!’

सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी स्वतः दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पोह्यांच्या वासानं माझा निश्चय मोडला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नसावं. मनापासून केलं ते फक्त अक्कांनी.

आता अक्कांना शुगर आहे. सकाळी साडेसातला गोळी घ्यायची आणि वर नाश्ता करायचा, असं त्यांचं आठ-नऊ वर्षं चाललेलं. त्यांनी गोळी चालू ठेवली आणि नाश्ता बंद केला. गोळी लिंबू-दालचिनीच्या पाण्याबरोबर! नवव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला भाकरी थापता थापता त्यांचे हात थरथरायला लागले. घाम सुटला. सुनेनं विचारलं, ‘अत्ती, काय होतंय?’ तर उत्तर भलतंच द्यायला लागल्या. आणि ओट्याचा कठडा धरत धरत खाली बसल्या. तवा चुलीवर तसाच, भाकरी करपून धूर.

सून हुशार. तिनं पटकन पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली आणि शेजारच्या मुलाला रिक्षा आणायला पिटाळलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा अक्का बसून होत्या, चेहरा पांढरा पडलेला. बोटातलं रक्त तपासलं तर साखर पोटात गेल्यावरही आकडा ६४ होता. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. डॉक्टरांनी विचारलं, ‘उपास करायला कुणी सांगितलं तुम्हाला?’

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘नम्म तंगी कळिस्याळ.’ आमच्या धाकट्या बहिणीनं पाठवलंय.

त्या आवाजात तक्रार नव्हती हो. थोडा अभिमानच होता. तंगीनं आपल्यासाठी शोधून पाठवलंय, म्हणजे ते चांगलंच असणार! मला तिथंच भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. रात्री लवकर जेवून सकाळी उशिरा खाणं काहींना मानवतंही, ते काही पाप नाही. पण शुगरच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन रक्तातली साखर खाली ओढतात. वरून अन्न आलं नाही तर ती नको तितकी खाली जाते. उपास करायचाच असेल तर आधी विचारायला हवं, गोळी आणि तिची वेळ बदलावी लागते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. मैत्रिणींनो, हे एवढं कापून फ्रीजवर चिकटवून ठेवलंत तरी चालेल.

घरी आल्यावर मी ग्रुपमधली नावं मोजली. एकतीस जणांत सहा जण शुगरच्या गोळ्या घेतात. मला हे सगळं माहीत होतं. माझीच माणसं ती! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे कुठल्याही घरच्या ग्रुपवर उपासाचा सल्ला टाकला की तो कुणा ना कुणा गोळीवाल्याच्या हातात पडणारच. व्हिडिओतल्या बाईला आमच्या अक्का माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या. दोघींत जास्त चूक कुणाची?

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाईल हातात घेतला, पण जरा वेगळ्या नजरेनं. आपण काय काय बघतो, ते एका कागदावर लिहीत गेले. अर्ध्या तासात यादी झाली ती अशी : ब्रेडवर चीजचा डोंगर. मुलांच्या डब्यासाठी मेयोनीजचं सँडविच. पोट आत नेणारं जिऱ्याचं पाणी. ‘भात म्हणजे विष’ असं सांगणारा एक पांढरा कोटवाला. बिस्किटांचा, चॉकलेट ओतलेला, न भाजता होणारा केक. ‘तूप कितीही खा’ म्हणणारा दुसरा कोटवाला. दुधीचा रस. लोण्यात पोहणारी पावभाजी. प्रोटीनची पावडर, आणि खाली ती स्वस्तात मिळवण्याचा कोड.

गंमत बघा. एकाच मोबाईलनं एकाच दुपारी मला दोनदा चीज खायला सांगितलं आणि दोनदा उपाशी राहायला. आणि मी दोन्ही ऐकत होते! संध्याकाळी मुलांसाठी चीज घालून काहीतरी करायचं, करताना तीनदा चाखायचं, आणि रात्री ताटावर बसल्यावर म्हणायचं, ‘मला नको, मी डाएटवर आहे.’

आमच्या पिढीनं पाककृती गोळा केल्या नाहीत असं नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि कितीतरी मराठी मुलींच्या रुखवतात जाऊन बसलं. मला सासरी येताना आईनं तेच दिलं होतं. हळदीचे डाग पडलेली माझी वही अजून आहे. तिच्यात अक्कांनी सांगितलेली एणगाई मी मराठी अक्षरांत लिहून घेतली आहे. पण पुस्तक आणि वही मिटली की मिटली. आपण एखाद्या पानावर जास्त वेळ थांबलो म्हणून पुस्तक पुढची दहा पानं तशीच काढून दाखवत नाही. मोबाईल दाखवतो. चीजवर आपली नजर पाच सेकंद जास्त रेंगाळली की त्याला कळतं, आणि मग चीजच चीज. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरात अडकले आणि त्याच वर्षी इन्स्टाग्रामची रील्स आपल्याकडे आली. तेव्हापासून दुपारचा तो मोकळा अर्धा तास आपला राहिला नाही.

आणि तो सल्ला देणारा कोण आहे, हेही आपण विचारत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं मार्गदर्शक सूचना काढल्या. आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांनी आपलं शिक्षण काय ते सांगावं, डॉक्टर नसलात तर हा डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही असं स्पष्ट म्हणावं, पैसे घेऊन एखादी वस्तू सुचवत असलात तर तेही उघड करावं. सूचना चांगल्या आहेत. पण दुपारी अडीचला हात पुसत मोबाईल उघडणाऱ्या बाईला त्या ठाऊक असल्या तरच त्यांचा उपयोग. म्हणून इथं सांगते. पांढरा कोट शिंप्याकडेही शिवून मिळतो.

डॉक्टरांनी अक्कांना आठवडाभर जे जे खाल ते लिहून आणायला सांगितलं होतं. प्रायश्चित्त म्हणून मीही वही धरली. ठरवलं, पोटात गेलेलं प्रत्येक काही लिहायचं, खोटं लिहायचं नाही.

पहिल्याच दिवसाची नोंद वाचा. सकाळी सहाला चहा, दोन टोस्ट. आठला मुलाच्या ताटात उरलेला उप्पीट, टाकवत नाही म्हणून. दहाला परत चहा. स्वयंपाक करताना भाजीची चव, चपातीचा तुकडा, शेंगदाणे मूठभर. पावणेदोनला ओट्याशी उभ्यानं कालचा भात, त्यावर आमटी, भाजी संपली म्हणून लोणचं. तीनला मोबाईल बघता बघता चिवड्याचा डबा. किती खाल्ला? माहीत नाही, डबा हलका झाला एवढं खरं. साडेचारला चहा, बिस्किटं. सातला पास्ता चाखला, मग ‘एवढासा कशाला उरवायचा’ म्हणून संपवला. रात्री साडेनऊला सगळ्यांचं वाढून झाल्यावर ‘आज मी हलकंच घेते’, म्हणजे अर्धी चपाती. साडेदहाला चहाचा अर्धा कप.

त्या पानात एक गोष्ट कुठंच नव्हती. ताट. दिवसभरात मी एकदाही ताट वाढून घेऊन बसले नव्हते. तरी त्या दुपारी अक्कांचा फोन आला तेव्हा म्हटलंच होतं, ‘आतरी!’

हिशेब केला तर तीन पूर्ण कप आणि एक अर्धा, कपाला दोन चमचे साखर. सात चमचे तिथंच झाले. टोस्ट-बिस्किटांतली साखर वेगळी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम, आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, चिवडा, सॉस, चीज या सगळ्यांतलं मीठ त्या एका चमच्यातच मोजायचं! मी ‘काहीच खात नाही, तरी वजन वाढतं’ असं सगळ्यांना सांगत होते. खात होते, पण जेवत नव्हते. माझ्या वहीनं मला एवढंच सांगितलं.

हा काही माझ्या एकटीचा प्रकार नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जवळजवळ ४८ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि शंभरात ३० जणींचं वजन जास्त. म्हणजे एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, पोट भरलेलं आणि रक्त आटलेलं. मैदा, साखर आणि तेल यांनी वजन वाढतं, रक्त वाढत नाही. त्यावर दोन दिवस जिऱ्याचं पाणी पिऊन राहिलं की उरलेला जीवही जातो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई सगळं खापर मोबाईलवर फोडतेय. बाईनं शेवटी जेवायचं, उरलंसुरलं आपल्या पोटात टाकायचं, हे मोबाईलनं शिकवलं नाही. ते आपल्या आज्यांनी शिकवलं, मराठी आज्यांनी आणि कानडी अज्जींनीही. पूर्वीही पंगत उठल्यावरच बाई बसायची. पण तेव्हा निदान सासू, जावा, नणंदा मिळून बसायच्या. भाकरी, झुणका, ठेचा, वर ताक, आणि तासभर गप्पा. शेवटी का असेना, पण ताट असायचं. आता घरं लहान झाली, बाई एकटी उरली आणि सोबतीला मोबाईल आला. नजर त्याच्यावर असली की हात डब्यात किती वेळा गेला ते कळत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणे. तेवढ्यात चिवड्याचा तळ दिसतो.

आणि आपलं जुनं ते सगळं सोनं असंही नाही. कुंदा, करदंट, होळगी, संध्याकाळी गिरमिट आणि त्यावर मिरची भजी, हे काही औषध नव्हे. अक्कांच्या घरी साखर बंद करून गुळाचा चहा सुरू झाला होता, तोही कुठल्याशा व्हिडिओमुळेच. गुळानंही रक्तातली साखर वाढतेच. सैंधव मिठाचंही तसंच. रंग गुलाबी असला तरी ते मीठच, रक्तदाबाच्या माणसानं तेही मोजूनच खायचं. आणि दुधीचा रस काढणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. कडू लागला की एक घोटही न पिता ओतून द्यायचा. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

पण जे चांगलं आहे ते तर आपल्या हाताशी आहे हो! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रं सांगितली. मी ती वाचली. निरनिराळी धान्यं आणि डाळी, भरपूर भाजी, पालेभाजी, तेल-मीठ-साखर बेतानं, पाकिटातले पदार्थ कमी, प्रोटीनच्या पावडरी नकोत. वाचता वाचता मला अक्कांच्या बैलहोंगलच्या घरची दुपार आठवली. जोंधळ्याची भाकरी, मडकीची उसळ, पुंडी पल्ल्या, कारळ्याची आणि अगशीची चटणी, कच्ची मेथी, मुळा, कांदा, वाटीभर दही. त्यातली अगशी आता रीलमध्ये काचेच्या बरणीतून येते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हापासून जोंधळाही चकचकीत पाकिटात जाऊन बसला आणि आपण तो चौपट किमतीला परत विकत आणतो. अक्का म्हणाल्या, ‘आपल्या घरचंच आपल्याला विकतात की ग!’

अक्कांची एक आवडती म्हण आहे. ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ ज्याला जेवण कळलं त्याला रोग नाही, ज्याला बोलणं कळलं त्याला भांडण नाही. म्हणीत ‘बल्लवनिगे’ म्हणजे ज्या पुरुषाला कळतं त्याला, असं आहे. मी एकदा थट्टेनं विचारलं, ‘आणि बाईचं काय हो अक्का?’ त्या म्हणाल्या, ‘बाईला कळतंय की. तिला वेळ कुठाय?’

शेवटी तोडगा अक्कांनीच काढला. घरी येऊन चार दिवस झाले नाहीत, तोच त्यांनी ग्रुपवर बोलून निरोप टाकला, अर्धा कानडी, अर्धा मराठी. ‘हे बघा, रोज दीड वाजता प्रत्येकीनं आपल्या ताटाचा फोटो टाकायचा. नवऱ्याच्या नाही, पोरांच्या नाही, आपल्या. सजवायचं नाही. जे आहे ते.’

पहिल्या दिवशी अकरा फोटो आले. बघून हसू यावं की रडू, कळेना. एकीच्या ताटात नुसता भात आणि लोणचं. एकीचा फोटो आला दुपारी तीन चाळीसला. एकीनं कढईचाच फोटो टाकला, ती कढईतच जेवत होती! आणि हुबळीला नोकरी करणाऱ्या पुतणीचा फोटो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं की कार्टी महिनाभर दुपारी फक्त काकडी आणि काळी कॉफी घेतेय. लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून. चक्कर येत होती, कुणाला सांगितलं नव्हतं. तीन लाख लोकांना आवडलेल्या व्हिडिओनं जे मला दाखवलं नव्हतं, ते एका न आलेल्या फोटोनं दाखवलं. तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त बरंच कमी निघालं, आता औषध चालू आहे. तिचा व्हिडिओ मी पाठवलेला नव्हता, हे मी पहिल्यांदा तपासून घेतलं. माणसाचं मन कसं असतं बघा!

लग्न झालं. माझा ब्लाउज शेवटी उसवूनच घालावा लागला. अक्का जुन्या इरकलीत मिरवल्या आणि होळगी अर्धीच खाल्ली, तीही जेवणाच्या शेवटी, गोळी वेळेवर घेऊन.

फोटो पुढं कमी होत गेले. असंच होतं. पहिल्या आठवड्यात अकरा, मग सात, आता दोन-तीन येतात, एखादे दिवशी एकही नाही. मी माझ्यापुरते तीन नियम मात्र धरून आहे. दीड वाजता ताट वाढून घ्यायचं आणि बसून जेवायचं. त्या वेळात मोबाईल फ्रीजवर, पालथा. आणि उपास, काढा, गोळी, रस यांतला कुठलाही सल्ला कुणाला पुढं पाठवायचा नाही. कारण ज्याला आपण पाठवतो तो व्हिडिओतल्या बाईवर नाही, आपल्यावर विश्वास ठेवून ते करतो. पाककृती पाठवते, अजूनही. परवाच अळीपाकाची पाठवली.

नियम रोज पाळले जातात असं म्हणाले तर ते खोटं होईल. गेल्या मंगळवारचीच गोष्ट. दुपारी पाहुणे येऊन गेले, ओटा भांड्यांनी भरलेला, पावणेतीन वाजलेले, आणि मी उभ्यानं पातेल्यातला भात खात दुसऱ्या हातानं मोबाईल सरकवत होते. तेवढ्यात त्याच मोबाईलवर अक्कांचा फोन.

‘ऊट आतेनव्वा?’

सवयीनं तोंडातून गेलं, ‘आतरी अक्का.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग मराठीत, अगदी सावकाश, ‘ताटात काय आहे सांग बघू.’

मी पातेल्याकडे बघितलं. खोटं बोलायला बावीस वर्षांत पहिल्यांदाच जमलं नाही. म्हटलं, ‘अक्का, थांबा जरा. ताट घेते.’

‘घे,’ त्या म्हणाल्या. ‘मी पण अजून बसायचीच आहे.’